हो की अहो

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडानं पाच-सहा वेळाच घेतलं असेल. लग्नात, डोहाळजेवणाला, नणंदेच्या पोराच्या बारशाला, आणि तेही दर वेळी उखाण्यात गुंडाळून. रेशनच्या दुकानात किंवा दवाखान्यात कोणी मालकांचं नाव विचारलं की त्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघायच्या आणि ती सांगून टाकायची. आधार कार्ड आल्यापासून सोय झाली. नुसतं कार्ड पुढे करायचं. घरात हाक मारायची तर 'छकुलीचे बाबा', आणि घाई असली तर नुसतं 'अहो'. घाई बहुतेक असायचीच.

या 'अहो'पायी एकदा त्यांचा उजवा हात जाता जाता राहिला.

जळगाव जामोदहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक डाळमिल आहे, वीसेक माणसांची. अन्नपूर्णाबाईंचे यजमान इंद्रभान तिथे चौदा वर्षांपासून स्विचवर आहेत. स्विचवर असणं हा मिलमधे मान असतो. पोतं उचलावं लागत नाही, स्टूल मिळतं, आणि लोक विचारून कामाला हात लावतात. इंद्रभानला यंत्रांचा कान होता. एखादं बेअरिंग कोरडं पडलं की सगळ्या गोंगाटातून त्याला ते ऐकू यायचं, आणि तो तेलाची बुधली घेऊन बरोबर त्याच जागी जायचा.

मुलगी छकुली अकोल्याला नर्सिंग शिकायला गेली आणि सहा वर्षांपूर्वी अन्नपूर्णाबाईही मिलमधे जाऊ लागल्या. घरात सासू सुभद्राबाई, दोन खोल्या आणि टीव्ही. टीव्हीवर सासूची सत्ता होती. मिलमधे निदान सोबतिणी होत्या, आणि डबा खाताना हसायला मिळायचं. ही नोकरी आपली आहे, नवऱ्याची शेपटी नाही, असं त्यांना मनातून वाटायचं. ते त्या बोलून दाखवत नसत.

त्यांचं काम हौदावर. तुरीची पोती यायची, त्यांची शिवण सोडायची, सुतळी ओढून काढायची आणि पोतं जमिनीतल्या चौकोनी हौदात रिकामं करायचं. हौदाच्या तळाशी एक लांब लोखंडी मळसूत्र फिरतं. मिलमधे सगळे त्याला स्क्रू म्हणतात. तो तुरीला ढकलत ढकलत पुढच्या यंत्राकडे नेतो. तुरीबरोबर सुतळीचा तुकडा खाली गेला की तो स्क्रूला गुंडाळला जातो, आणि दिवसाला दोन-तीनदा स्क्रू अडकतो. हे कमी व्हावं म्हणून हौदावर लोखंडी जाळी होती. पण जाळीतून तूर हळू पडते. दिवाळीनंतर ती जाळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली होती. कोणी ठेवली ते कोणी सांगत नव्हतं, आणि काम भराभर होत असल्यामुळे कोणी विचारतही नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनीसुद्धा विचारलं नाही.

स्क्रू अडकला की रीत ठरलेली होती. बाई ओरडायची, इंद्रभान लाल बटण दाबायचा. बाई हौदाच्या काठावर पालथी पडून आत हात घालायची आणि सुतळी सोडवायची. स्विचचा डबा भिंतीच्या पलीकडे, चाळणीच्या यंत्राजवळ. तिथून हौद दिसत नाही. मग पलीकडून इंद्रभान विचारायचा, "लावू का?" इकडून उत्तर जायचं, "हो." तो हिरवं बटण दाबायचा. सहा वर्षांत हे हजारदा झालं असेल. एका माणसाचा हात आणि ते लोखंड यांच्यामधे एवढा एक 'हो' होता, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

फेब्रुवारी, तुरीचा ऐन हंगाम. बुधवार, सकाळचे अकरा. स्क्रू अडकला, बंद झाला. अन्नपूर्णाबाईंनी सुतळी काढली आणि त्या उठणार तोच आणखी एक वेढा दिसला. त्यांनी परत हात घातला. त्याच क्षणी भिंतीपलीकडून आवाज आला, लावू का. डोकं हौदात, चाळणी खडखडत होती. त्या म्हणाल्या, "अहो, थांबा."

स्क्रू फिरला.

मिलमधल्या बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट घालतात, धुळीसाठी. अन्नपूर्णाबाईंच्या अंगात इंद्रभानचा चौकड्यांचा शर्ट होता. आठच दिवसांपूर्वी तो म्हणाला होता की याची चाळणी झाली, तो जाड निळा घालत जा. मिलमधे कोण पाहायला येते, असं म्हणून त्यांनी निळा पेटीतच ठेवला. स्क्रूनं बाही धरली आणि ओढली. जोडीला असलेल्या मंजुश्रीनं मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. विरलेलं कापड खांद्यापासून फाटलं आणि दोघी मागे तुरीच्या ढिगात पडल्या. बाही आत गेली.

मंजुश्री किंचाळली तेव्हा इंद्रभाननं बंद केलं आणि तो धावत आला. अन्नपूर्णाबाई ढिगात बसून आपली बोटं एकेक करून वाकवून बघत होत्या. पाचही वाकत होती. कोपरापासून मनगटापर्यंत खरचटलं होतं, रक्त होतं, बाकी हात जिथल्या तिथे. इंद्रभाननं तो हात धरला आणि सगळ्या मिलसमोर धरूनच बसला. एरवी रस्त्यानं जाताना तो बायकोच्या चार पावलं पुढे चालायचा.

मग तो म्हणाला, "तू हो म्हणाली ना मले?"

"मी काऊन हो म्हणन? हात आत होता माहा."

"मी ऐकलं. तू हो म्हणाली."

भांडण इथून सुरू झालं.

मिलचं रोजचं काम बघायला मालकांचा पुतण्या हरिओम पाच महिन्यांपूर्वी आला होता. पोरगा वाईट नव्हता. पुण्याला कसला तरी कोर्स करून आला होता आणि आल्या आल्या त्यानं भिंतींवर सुरक्षेच्या पाट्या लावल्या होत्या. सावध राहा, सुखरूप घरी जा, असल्या. त्यातल्या एका पाटीच्या खिळ्याला बाया डब्याच्या पिशव्या अडकवत. त्यानं अन्नपूर्णाबाईंना मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं, आणि परत आल्यावर एक छापील फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता: चूक कोणाची. एकच नाव मावेल एवढी जागा.

हरिओमनं दोघांना समजावून सांगितलं. तो रागावला नव्हता, तरी म्हणणं स्पष्ट होतं. शनिवारपर्यंत नाव हवं. ज्याची चूक, त्याला हौदाच्या लाईनवर ठेवता येणार नाही. दुसऱ्या कामावर सध्या जागा नाही. म्हणजे दोघांपैकी एक जण घरी बसणार, आणि कोण ते त्यांनीच सांगायचं.

बुधवारपासून शुक्रवारपर्यंत त्या घरात कोणी नीट जेवलं नाही. इंद्रभान खोटं बोलत नव्हता. त्यानं 'हो' ऐकलं होतं, आणि ते आठवलं की त्याच्या हातातला घास खाली यायचा. अन्नपूर्णाबाईही खोटं बोलत नव्हत्या. नवरा बायकोवर ढकलतोय असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरचटल्यापेक्षा जास्त झोंबत होतं. सुभद्राबाईंचं मत असं की बाईमाणसानं यंत्रात हात घालूच नये. हे मत त्या सहा वर्षांपासून मांडत होत्या, आणि आता त्यांना पुरावा मिळाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी इंद्रभान म्हणाला की मी माझंच नाव देतो, मिटवून टाकू. त्याला वाटलं बायको निवळेल.

अन्नपूर्णाबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या. "तुमचं नाव द्या, म्हणजे तुमी मोठे झाले अन् मी खोटी. त्यापेक्षा माहं नाव द्या. पण मी हो म्हटलं नाही, हे मी मरेपर्यंत सांगन."

इंद्रभान उठला. तो ओट्यावर जाऊन बसला.

शनिवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं म्हणून अंगणातल्या बोअरची मोटर लावली होती. मोटर जुनी, घरघर मोठी. इंद्रभान अंगणात बटणाजवळ, अन्नपूर्णाबाई आत मोरीत टाकीपाशी, आणि सुभद्राबाई मधल्या दारात चहा फुंकत. दोघांचं बोलणं बंद असलं तरी पाणी भरावं लागतंच. इंद्रभाननं बाहेरून विचारलं, "बंद करू का?"

"अहो, अर्धीच भरली," आतून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

मोटर बंद झाली.

त्या रिकामी बादली घेऊन तरातरा बाहेर आल्या. अर्धीच भरली सांगितलं तरी बंद काऊन केली, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सुभद्राबाईच मधे बोलल्या. "त्याले काय म्हणते वं? तूच त हो म्हणाली."

बादली तिथेच खाली ठेवली गेली. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे सरळ बघितलं असेल.

"परत म्हण," इंद्रभान म्हणाला.

"काय?"

"जे म्हटलं ते."

त्यानं मोटर लावली. अन्नपूर्णाबाई मोरीत गेल्या आणि म्हणाल्या, अहो. त्यांनी चार-पाचदा म्हटलं. बाहेर इंद्रभानला दर वेळी ऐकू आलं, हो, हो, हो. 'अ' मोटरीत बुडत होता, आणि 'हो' कानावर पडलं की पुढच्या शब्दासाठी तो थांबतच नव्हता. सुभद्राबाईंना दोघांना वेड लागलंय असं वाटलं, आणि चहा निवतोय म्हणून त्या आत गेल्या. अन्नपूर्णाबाई मोरीच्या काठावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. तीन दिवस न आलेलं. इंद्रभान दारात उभा होता. तो म्हणाला, "मंग खोटं कोणीच नव्हतं बोलत." नंतर त्यानंच उरलेली टाकी भरली आणि अन्नपूर्णाबाईंनी कढईभर पोहे केले. दोघांनी ते संपवले.

मिलमधे हरिओमला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला. त्याला वाटलं, नवरा-बायकोनं मिळून काहीतरी रचलंय. इंद्रभाननं वाद घातला नाही. त्यानं हरिओमला स्टूलवर बसवलं, चाळणी चालू केली, आणि तो हौदाकडे निघून गेला. स्क्रू बंदच होता, त्याचा मुख्य खटका पाडलेला. अन्नपूर्णाबाई काठावरून म्हणाल्या, अहो, थांबा. हरिओमनं मान डोलावली आणि त्याचा हात आपोआप हिरव्या बटणाकडे गेला. गेला आणि तिथेच थांबला. तो उठून हौदापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं विचारलं, मिलमधे आणखी कोण कोण असं 'हो'वर काम करतं. सगळेच करत होते.

फॉर्ममधल्या त्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'हो' या शब्दाची. ही थट्टा आहे का म्हणून काकांचा फोन आला होता म्हणतात. त्यानं काकांनाही त्या स्टूलवर नेऊन बसवलं.

आता पुढे काय, यावर डब्याच्या वेळी सगळ्यांनी डोकं चालवलं. कोणी म्हणालं शिट्टी आणा, कोणी म्हणालं लाल फडकं हलवा. पण भिंतीपलीकडून फडकं दिसणार कसं? मंजुश्री म्हणाली की 'अहो' बंद करा, सरळ नाव घ्या, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अन्नपूर्णाबाई मात्र वेगळाच विचार करत होत्या. त्या म्हणाल्या, "घरी मिक्सर धुते तवा मी पिन काढून मांडीवर ठेवते. इथं हात माहा आत, अन् पिन याईच्या हातात."

हरिओमनं हे दोनदा वदवून घेतलं. संध्याकाळपर्यंत स्विचच्या डब्याला कडी बसली, कडीला कुलूप आलं, आणि त्याला किल्ली एकच. स्क्रू अडकला की इंद्रभाननं बंद करायचं, डब्याला कुलूप घालायचं. जिला हात घालायचा असेल तिनं चालत पलीकडे जाऊन किल्ली आणायची, गळ्यात घालायची, काम झालं की चालत जाऊन हातात द्यायची. ओरडून कोणी काही विचारायचं नाही. भिंतीला टेकलेली जाळी परत हौदावर आली, सुतळीच्या तुकड्यांसाठी डबा ठेवला गेला, आणि हरिओमनं सगळ्यांसमोर सांगितलं की किल्लीपायी वेळ गेला तर त्याबद्दल कोणी कोणाला बोलणार नाही. पहिले आठ दिवस त्याच्याच कपाळाला आठ्या पडत होत्या. पण तो बोलला नाही, आणि त्यामुळेच बाया जाऊन किल्ली आणत राहिल्या. किल्लीला लाल गोफ होता. मंगळसूत्रावर किल्ली लोंबताना बघून मंजुश्री म्हणायची, "मावशी, दुसरं डोरलं चांगलं शोभते बरं."

तरी नावाचा प्रश्न राहिलाच होता. हरिओमनं नियम केला होता की धोका दिसला तर ज्याला थांबवायचं त्याचं नाव घेऊन हाक मारायची. अहो नाही, ओ दादा नाही, नाव. बाकीच्या बायांनी 'इंद्रभानभाऊ' म्हणायला सुरुवात केली. अन्नपूर्णाबाई गप्प राहायच्या. घरी हा विषय निघाला तेव्हा सुभद्राबाईंनी कानाला हात लावले. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. अन्नपूर्णाबाईंचा यावर विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टीही माणूस सव्वीस वर्षं पाळत असतो.

मार्चच्या शेवटाला एका दुपारी जेवणाची सुटी संपत आली होती. अन्नपूर्णाबाई नळावर डबा घासत होत्या. सुटीत सगळंच बंद असतं, म्हणून इंद्रभान कुलूप न घालताच जेवायला गेला होता. मंजुश्रीला जाळीखाली एक सुतळी दिसली. बंदच तर आहे, क्षणाचं काम, असं म्हणून तिनं जाळी उचलली आणि हात घातला. चूक अशीच होते, काम करणाऱ्याच्याच हातून, आणि चांगल्या मनानं. अन्नपूर्णाबाईंना नळावरून दोन्ही दिसत होतं: इकडे पालथी पडलेली मंजुश्री, आणि तिकडे मिशा पुसत स्विचकडे जाणारा नवरा. तो डब्यापाशी पोचला. त्याचा हात वर गेला.

त्यांच्या ओठांवर 'अहो' आलं. तसंच परत गेलं.

"इंद्रभान, थांब!"

उखाणा नाही, राव नाही, थांबासुद्धा नाही. आवाज अख्ख्या मिलभर गेला. इंद्रभानचा हात हवेतच राहिला. मंजुश्री दचकून उठली, तिचा हात बाहेर आला, आणि त्या हातात सुतळी होती. पाठीमागे डबा नळाखाली वाजत राहिला.

मग इंद्रभान मान डोलावत हळूच म्हणाला, "हाव."

कोणी हसलं नाही. मंजुश्री खाली बसली. अन्नपूर्णाबाईंनी तिला पाणी दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग एक फटकाही दिला. हरिओमनं तिला काही विचारलं नाही. सुटीतही कुलूप लागेल, एवढं त्यानं लिहून घेतलं. इंद्रभाननं कुलूप घातलं, चार पावलं चालत आला आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. "आता तूच ठेव थोडा वेळ," तो म्हणाला.

हसणं चहाच्या वेळी सुरू झालं. चहा संपेपर्यंत गोष्टीत भर पडली होती की अन्नपूर्णाबाई 'इंद्रभान, थांब बे' म्हणाल्या. त्यांनी शपथ घेऊन सांगितलं की 'बे' त्यांचा नाही. कोणी ऐकलं नाही. इंद्रभानला विचारलं तर तो म्हणाला, चाळणी बंद होती, मले साफ ऐकू आलं, आणि मिशीतल्या मिशीत हसला. आता ऐकलेल्यावर भांडायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी विषय सोडला.

घरी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सुभद्राबाई दारातच बसल्या होत्या, टीव्ही बंद करून. अन्नपूर्णाबाईंनी चपला काढल्या आणि त्या बोलणी खायच्या तयारीनं उभ्या राहिल्या. सुभद्राबाईंनी आधी मुलाकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग सुनेकडे.

"पोरीचा हात वाचला ना?"

"हाव."

"अन् त्याले पयल्याच हाकेले ऐकू आलं?"

"पयल्याच हाकेले."

सुभद्राबाई हात टेकून उठल्या. "मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि रिमोट शोधायला लागल्या.

इंद्रभान अंगणात मोटर लावायला गेला. अन्नपूर्णाबाई मोरीत टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. टाकी भरल्यावर त्याला काय म्हणून सांगायचं, हे ठरवायला त्यांच्याकडे अजून दहा मिनिटं होती.